कूलरमध्ये पाणी भरता भरता: आनंदी राहायच्या छोट्या सवयी, नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

दर 31 डिसेंबरला मी एक यादी करायची. पाच वाजता उठणे, अर्धा तास ध्यान, दहा हजार पावलं, साखर बंद, रोज वीस पानं वाचन, अशा मिळून अकरा गोष्टी, छान वहीच्या पानावर लिहून किचनच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या. मग जानेवारीतली नागपूरची थंडी पाच वाजताचं उठणं खाऊन टाकायची, संक्रांतीचा तिळगूळ साखरबंदी खाऊन टाकायचा, आणि फेब्रुवारीत ते पान तिथंच असायचं फक्त त्याच्याकडे बघायची लाज वाटायची म्हणून मी त्या कपाटातले डबे दुसऱ्या कपाटात हलवले. खरंच हलवले, हसू नका.

जी सवय लागली ती यादीत नव्हतीच. झालं असं की एप्रिलमध्ये संध्याकाळी कूलरची टाकी भरायचं काम माझ्याकडे, पाइप लावला की पंधरा मिनिटं लागतात, आणि एकदा मी पाइप लावून कणीक मळायला गेली तर टाकी वाहून पाणी दिवाणाखाली गेलं, खाली ठेवलेल्या गाद्या सगळ्या ओल्या. तेव्हापासून तिथंच उभं राहायचं. उभं राहून करायचं काय, म्हणून एक दिवस अकोल्याच्या बहिणीला फोन लावला. दुसऱ्या दिवशीही लावला. मे संपेपर्यंत आम्ही दोघी रोज बोलून राहिलो होतो, ज्या आम्ही त्याआधी राखी आणि दिवाळीलाच बोलायचो, आणि एका संध्याकाळी लक्षात आलं की मला दिवसभर त्या पंधरा मिनिटांची वाट असते. ना संकल्प ना अलार्म.

(कूलरचं निघालंच आहे तर हे आधी: पाणी भरताना बटन बंद करून प्लग काढायचा, नुसतं बटन नाही. ओल्या हाताने, अनवाणी कूलरला हात लावायचा नाही. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात.)

तर हा लेख त्या पंधरा मिनिटांवरून जे शिकली त्याचा आहे. ज्यांनी आधी काही केलं नाही, किंवा माझ्यासारखं यादी करून सोडून दिलं, त्यांच्यासाठी. आनंद म्हणजे काय वगैरे मला विचारू नका, मी अकाउंट्समध्ये आहे.

आधी खुंटी शोधा

घरात नवीन पिशवी टांगायची तर आपण आधी बघतो खुंटी कुठे आहे. नसेल तर पिशवी जमिनीवर लोळते. सवयीचं तसंच आहे. रोजच्या दिवसात जे काम तुम्ही न चुकता करताच, ती खुंटी, आणि नवीन सवय तिच्यावर टांगायची. वेळेवर टांगायची नाही, कामावर टांगायची. "रोज सात वाजता" असं ठरवलं की सात वाजता दारात कोणीतरी येतंच, पण "दूध गॅसवर ठेवलं की" असं ठरवलं तर दूध पावणेसातला येवो की सव्वासातला, काही बिघडत नाही.

म्हणून पहिले दोन दिवस काहीच सुरू करू नका. फक्त एका कागदावर लिहा की तुम्ही रोज काय काय करता, ज्यात खाडा होतच नाही असं. माझ्या कागदावर हे आलं: दूध तापवणं, अंगणात पाणी टाकणं, पोराचा डबा भरणं, सुभाष नगर स्टेशनवरून मेट्रो पकडणं, ऑफिसात चार वाजताचा चहा, घरी आल्यावर पर्स टांगून पाय धुणं, कूलरचं पाणी, रात्री दही विरजणं. तुमचं वेगळं असेल. गाडीला किक मारणं असेल, देवाला दिवा लावणं असेल, औषधाची गोळी असेल. दहाएक खुंट्या प्रत्येकाकडे निघतात, एकट्याने रूमवर राहणाऱ्या पोट्ट्यांकडेही निघतात, मेसचा डबा आणणं ही पण खुंटीच आहे.

तिसऱ्या दिवशी एक वाक्य लिहायचं: "हे झालं की मी ते करीन." एकच वाक्य. दोन नाही. आणि ते जे काय आहे ते इतकं छोटं पाहिजे की सांगायला लाज वाटली पाहिजे. "दूध गॅसवर ठेवलं की मी दार उघडून बाहेर पायरीवर उभी राहीन", बस. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, हे काय ग, यात काय करायचं? तेच तर. ज्या दिवशी ताप आहे, पाहुणे आहेत, रात्री लग्नावरून एक वाजता आलो, त्या दिवशीही जे होईल तेवढंच ठेवायचं. वाढवायचं ते आपोआप वाढतं, मी पायरीवरून गल्लीच्या टोकापर्यंत कधी जायला लागली मला आठवतही नाही.

आता ते एकवीस दिवसांचं. सगळीकडे सांगतात ना एकवीस दिवसांत सवय लागते. हा आकडा 1960 मधल्या एका प्लास्टिक सर्जनकडून आला, मॅक्सवेल माल्ट्झ नाव, त्याला दिसलं होतं की पेशंटला आपला नवीन चेहरा अंगवळणी पडायला कमीत कमी एकवीस दिवस तरी लागतात. "कमीत कमी" हळूहळू गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. खरोखर मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सोबत्यांनी, 2009 मध्ये ते छापून आलं. 96 लोक, प्रत्येकाने एक छोटी सवय निवडली, जेवणासोबत फळ खाणं किंवा पाणी पिणं असलं काहीतरी, आणि बारा आठवडे नोंद ठेवली. सवय अंगात मुरायला सरासरी 66 दिवस लागले, पण कोणाला 18 पुरले तर कोणाचा हिशोब, बारा आठवड्यांच्या नोंदीवरून पुढचा अंदाज काढून, 254 पर्यंत गेला. म्हणजे बाविसाव्या दिवशी जड वाटलं तर तुमच्यात काही खोट नाही. आणि त्याच अभ्यासातली माझी आवडती गोष्ट ही की मधे एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही. मी मात्र एक दिवस चुकला की "आता काय, मोडलंच" म्हणून आख्खा महिना सोडायची. बावीस वर्षं हिशोब लिहून राहिली, एक एन्ट्री चुकली म्हणून कोणी लेजर फाडत नाही, हे मला स्वतःच्या बाबतीत कळायला चाळिशी यावी लागली.

नोंद ठेवायची असेल तर वेगळी ॲप नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितो ना, त्याच्याच बाजूला एक टिंब.

सकाळचा उजेड, आणि मे महिन्याचं काय करायचं

पहिली सवय कोणती घ्यावी असं कोणी विचारलं तर मी ही सांगते, कारण पैसे लागत नाहीत आणि फरक लवकर कळतो. उठल्यावर तासाभराच्या आत बाहेरच्या उजेडात दहा-पंधरा मिनिटं. खिडकीतून नाही, बाहेर. शरीरातलं जे घड्याळ आहे ते डोळ्यात शिरणाऱ्या उजेडावर लागतं, सकाळी उजेड मिळाला की रात्री झोप वेळेवर येते, आणि झोप झाली की अर्धी चिडचिड तिथंच जाते. ट्यूबलाइटमध्ये बसून हे होत नाही, ढगाळ सकाळीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो.

नागपुरात याला मोसमाप्रमाणे बदलावं लागतं. मे मध्ये साडेपाचलाच उजाडतं आणि आठ वाजता रस्ता तापायला लागतो, त्यामुळे सहाच्या आसपास निघून साडेसहा-पावणेसातला घरात. नवतपात, म्हणजे 25 मे नंतरचे ते नऊ दिवस, पारा 45 च्या वर गेलेला असतो तेव्हा कोणी हिरोगिरी करू नये, अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालणं हीच त्या दिवसांची सकाळ. उलट डिसेंबर-जानेवारीत पावणेसातपर्यंत अंधार, तेव्हा लवकर उठायचा हट्ट सोडा, उन्हात खुर्ची टाकून चहा प्या, नागपूरचं हिवाळ्यातलं कोवळं ऊन फुकट आहे आणि ते आपण ब्लँकेटमध्ये घालवतो.

चालणं जमत असेल तर उत्तमच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, आणि ते एकदम करावं लागत नाही, दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात. दहा हजार पावलांचं ओझं घेऊ नका. रोज घराजवळ चाला आणि रविवारी जरा लांब जा, फुटाळ्याच्या काठाने, सेमिनरी हिल्सला, महाराजबागेत, आणि परत येताना तर्री-पोहे. हो, तर्री-पोहे. डाएटवाल्यांनी रागवायचं ते रागवा, पण ज्या सवयीच्या शेवटी तर्री आहे ती सवय टिकते हे मी आमच्या घरात सिद्ध करून दाखवलं आहे, नवरा जो रविवारी दहाच्या आधी उठत नव्हता तो आता सहाला शूज घालून दारात असतो.

माणसं

हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, म्हणून इथे थोडं लांबेल.

हार्वर्डमध्ये 1938 पासून एक अभ्यास सुरू आहे, पोरवयातल्या मुलांना घेऊन सुरू केला आणि ते म्हातारे होईपर्यंत, पुढे त्यांच्या मुलाबाळांपर्यंत चालवला. इतक्या वर्षांतून जे मुख्य निघालं ते पैसा नाही, नाव नाही, तर जवळच्या माणसांशी संबंध कसे आहेत ते. वाचलं तेव्हा मला वाटलं यासाठी 80 वर्षं कशाला पाहिजे होती, माझ्या आजीला विचारलं असतं. पण आजीला माहीत असून आपण करून राहिलो का? आपण स्टेटस बघतो आणि समजतो की भेट झाली.

तर सुरुवात कशी करायची. तीन पातळ्या आहेत, खालून वर जा.

सगळ्यात खालची: रोज दिसणाऱ्या माणसाशी एक वाक्य. भाजीवाले, दूधवाले, वॉचमन, लिफ्टमधली वरच्या मजल्यावरची काकू. खुंटी: पैसे दिले की. ऑनलाइन पेमेंटने हे मारलंय, आपण स्कॅन करतो, "आलं का?" विचारतो, तो "आलं" म्हणतो, झालं. मी स्वतःला एवढंच सांगितलं होतं की पेमेंट झाल्यावर पैशाव्यतिरिक्त एक वाक्य बोलायचं. गोकुळपेठ मार्केटात ज्यांच्याकडून मी सांभार (म्हणजे कोथिंबीर) आणि मिरच्या घेते त्या काकांना विचारलं, आज वांगी कुठली? तर त्यांनी मला वांग्यांवर दहा मिनिटं ऐकवलं, भरताचं कोणतं, भाजीचं कोणतं, कोणत्या वांग्यात बिया निघतात. मधे मी आजारी पडली आणि आठ दिवसांनी गेली तर, "काऊन ताई, दिसल्या नाही?" एवढंच. पण मला दिवसभर बरं वाटत राहिलं, की या एवढ्या मोठ्या गावात मी नाही दिसली हे कोणाच्या तरी लक्षात आलं.

ज्यांना अनोळखी माणसाशी बोलायचा संकोच वाटतो त्यांनी हे ऐका. शिकागोत निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी लोकल ट्रेनने जाणाऱ्यांवर प्रयोग केला होता, 2014 मध्ये तो छापून आला. काहींना सांगितलं शेजारच्याशी गप्पा मारा, काहींना सांगितलं गप्प बसा, काहींना सांगितलं नेहमीसारखंच जा. लोकांचा अंदाज होता की गप्पा मारल्या तर प्रवास कंटाळवाणा जाईल, आणि झालं नेमकं उलटं, बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. मी आपल्या मेट्रोत करून पाहिलं. सुभाष नगर ते सीताबर्डी, अंतर ते किती, पण तेवढ्यात एक बाई भेटल्या ज्या रोज इतवारीतून माल आणून घरी ब्लाऊज शिवतात, आणि माझा तीन वर्षांपासूनचा ब्लाऊजचा प्रश्न सुटला. अर्थात समोरच्याच्या कानात इअरफोन असेल, डोळे मिटलेले असतील, तर सोडा. आणि बायांनी आपला अंदाज घेऊनच बोलावं, कोणाशी आणि किती, हे मला वेगळं सांगायची गरज नाही.

मधली पातळी: शेजार. फाटकाशी दोन मिनिटं थांबणं. हे किती कामाचं आहे ते 2023 च्या सप्टेंबरात कळलं. 23 तारखेच्या पहाटे नागपुरात तो जो पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीच्या आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये लोक झोपेत असताना पाणी शिरलं. माझी मामेबहीण त्याच भागात वरच्या मजल्यावर राहते. खाली एक म्हातारं जोडपं, मुलगा परदेशात. ती रोज गाडी काढताना त्या काकूंशी दोन शब्द बोलायची म्हणून तिला माहीत होतं की काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि त्यांना जिना चढता येत नाही. दिवे गेले, अंधारात पाणी वाढून राहिलं होतं, आणि हे दोघं नवरा-बायको आधी खाली धावले आणि काकांना खुर्चीसकट उचलून वर आणलं. फ्रिज, सोफा, गाडी सगळं गेलं. आता त्या घरात रविवारचं जेवण दोन्ही मजल्यांचं एकत्र असतं, आणि गुडघेवाले काका पोरांना बुद्धिबळ शिकवून राहिले.

वरची पातळी: आपली जवळची माणसं, जी लांब आहेत. इथे माझा कूलर. नियम एकच, मेसेज नाही, आवाज. रोज एकालाच केला पाहिजे असं नाही, पाच नावं लिहा आणि फिरवत राहा. आणि फोन केल्यावर "काही नाही, सहजच" म्हणायला शिका, कारण आपल्याकडे फोन आला की समोरचा आधी घाबरतो, काय झालं म्हणून. माझ्या काकांना पहिल्यांदा फोन केला तर ते तीन वेळा म्हणाले, "अगं पण काम काय आहे ते सांग ना."

टपरीवरच्या गप्पा चालतात का? चालतात की. पण खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा तो प्रकार, नको. गप्पा टपरीच्या, तोंडात चहा. आमच्या ऑफिसातले दोघं जण या एका बदलावर वर्षभर टिकून आहेत आणि त्यांच्या बायका माझ्या नावाने दिवा लावतात.

फोन कुठे झोपतो

हे थोडक्यात, कारण सगळ्यांना माहीतच आहे. फोनची रात्रीची जागा बदला. उशीजवळ नाही, किचनमध्ये किंवा हॉलमध्ये चार्जिंगला. "मग अलार्म?" बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, साधं अलार्मचं घड्याळ आणा, दोन-तीनशेत येतं. खुंटी: दही विरजलं की फोन चार्जिंगला. पहिले चार दिवस हात उशीखाली जातो आणि काहीच सापडत नाही, मजेशीर प्रकार आहे. नवऱ्याचा फोन अजूनही उशीजवळच झोपतो, मी भांडत नाही, एका घरात एकाचं सुटलं तरी खूप.

रात्रीच्या तीन गोष्टी

मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या टीमने 2005 मध्ये एक साधा प्रयोग मांडला. लोकांना सांगितलं, आठवडाभर रोज रात्री त्या दिवशी चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहा, आणि प्रत्येक गोष्ट का झाली तेही लिहा. ज्यांनी हे केलं त्यांना सहा महिन्यांनंतरही फरक जाणवत होता. सगळे "तीन गोष्टी" लक्षात ठेवतात आणि "का" विसरतात, आणि खरी गंमत "का" मध्येच आहे.

उदाहरण देते. "आज पोराने न सांगता डबा घासला." का? कारण काल मी त्याला ओरडली नाही, नुसतं त्याच्या शेजारी बसून मॅच बघितली. किंवा, "मेट्रोतून उतरली तर पाऊस नव्हता." का? नशीब. हेही चालतं. पण महिनाभर "का" लिहिलं की तुम्हाला दिसायला लागतं कोणती गोष्ट परत करता येईल. मोठं काही शोधू नका, मोठं रोज घडत नाही. माझ्या वहीत एक दिवस तिन्ही गोष्टी खाण्याच्या आहेत, पाटवडी-रस्सा, जांभळं, आणि कोणीतरी ऑफिसात आणलेली संत्रा बर्फी.

लिहायचा कंटाळा असेल तर आमच्या सासूबाईंचा मार्ग. त्यांना वही दाखवली तर म्हणाल्या मला चष्मा लावून लिहिणं होत नाही, तुम्ही जेवताना सांगा, मी ऐकते. आता जेवताना प्रत्येकाने एक चांगली गोष्ट सांगायची. पोरगा सुरुवातीला रोज म्हणायचा "काहीच नाही झालं." त्याला कोणी जबरदस्ती केली नाही. तीन आठवड्यांनी एके दिवशी तोच आधी बोलायला लागला, आणि जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही, पण त्या रात्री मी माझ्या वहीत तीनच्या जागी एकच गोष्ट लिहिली. आणि हे रोज करून करून पाठ झाल्यासारखं वाटायला लागलं की रोजचं बंद करून आठवड्यातून एकदा करा, रविवारी. ओढूनताणून लिहिलेल्याचा उपयोग नाही.

एक संत्रं

ही माझी स्वतःची, कुठे वाचलेली नाही. दिवसातून एक गोष्ट अशी खायची की खाताना दुसरं काहीच नाही. संत्रं यासाठी एकदम फिट आहे कारण ते सोलायला दोन्ही हात लागतात आणि हात रसाने चिकट झाले की फोनला हात लावता येत नाही. साल काढली की तो वास, मग पांढरे धागे, मग एकेक फोड. पाच मिनिटं जातात. आपण ज्या गावाच्या नावाने संत्रं अख्ख्या देशात विकलं जातं त्या गावात राहतो आणि ते टीव्हीसमोर खातो, नजर पडद्यावर. आंबिया बहार संपला की मृग बहाराचं येतं, त्यामुळे हिवाळाभर आणि मार्चपर्यंत तरी अडचण नाही. मग आंबा आहे. जून-जुलैत जांभळं. ऑगस्टमध्ये मी भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगांवर येते.

बाकी छोट्या छोट्या: चहा चारनंतर नको, कॅफिन निम्मं उतरायलाच पाचएक तास लागतात. दुपारी सुट्टीच्या दिवशी झोपायचं तर वीस मिनिटं, नाही तर संध्याकाळ जड जाते, आणि हे वाक्य मी उन्हाळ्यातल्या नागपूरकरांना सांगून राहिली म्हणजे माझी हिंमत बघा. महिन्यातून एकदा थोडे पैसे दुसऱ्यावर खर्च करा, 2008 मध्ये कॅनडात लोकांना पाच किंवा वीस डॉलर देऊन पाहिलं होतं, ज्यांनी दुसऱ्यासाठी वापरले ते संध्याकाळी जास्त खूश होते, आणि रक्कम पाच की वीस याने फरक पडला नाही. कामवाल्या मावशींना एक प्लेट समोसा, वॉचमनला कडक उन्हात मठ्ठ्याचं पाकीट, एवढं पुरतं.

हे कधी पुरत नाही

दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस सतत उदास वाटून राहिलं, झोप-भूक गेली, जी गोष्ट आवडायची तीही नकोशी झाली, किंवा जगूच नये असं मनात येऊन राहिलं, तर संत्रं आणि वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. तो आजार आहे, आळस नाही. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, नंबर 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आपल्याकडे नागपुरात मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, मानसोपचाराची ओपीडी आहे. आमच्या नात्यात एकीला सगळ्यांनी वर्षभर "पॉझिटिव्ह विचार कर" सांगितलं, मीही सांगितलं, त्यात तिचं वर्ष गेलं. म्हणून हे मी शेवटी कोपऱ्यात न टाकता वेगळं लिहून राहिली.

खुंटीच गेली तर

एक चूक मात्र माझी झाली ती तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी पाऊस पडला, हवा थंड झाली, कूलर बंद झाला, आणि ऑक्टोबरात तो धुऊन पुसून माळ्यावर गेला. दिवाळी झाली, थंडी आली, डिसेंबरात बहिणीचा फोन आला, काय ग, रागावली का? मी चकित. बोलणं मी ठरवून बंद केलं नव्हतं, ते कूलरसोबत माळ्यावर गेलं होतं. मला वाटलं होतं सवय माझ्यात आहे, ती पाइपात होती.

तेव्हापासून प्रत्येक मोसम बदलला की मी खुंट्यांचा कागद परत काढते. शाळेला सुट्टी लागली की डब्याची खुंटी जाते. घर बदललं, ऑफिसची शिफ्ट बदलली, घरात लग्न निघालं, की अर्ध्या खुंट्या एकदम जातात, आणि आपण म्हणतो माझी इच्छाशक्ती कमी पडली. इच्छाशक्ती तेवढीच असते. कागद काढा, कोणती खुंटी गेली ते बघा, त्यावर काय टांगलं होतं ते बघा, आणि नवीन मोसमातलं रोजचं कोणतं काम आलं ते शोधा.

गेल्या ऑक्टोबरात नवरा स्टुलावर उभा राहून कूलर वर ढकलत होता आणि मी खालून धरून होती, तेव्हाच ठरवलं, थंडीत रात्री आंघोळीचं पाणी तापायला ठेवते ना, गिझर बिघडलेलाच आहे आमचा, गॅसवर मोठं पातेलं, वीस मिनिटं लागतात. बहिणीला त्याच दिवशी सांगून टाकलं, आता संध्याकाळी नाही, साडेनऊला. ती म्हणाली तेव्हा माझी मालिका असते. मग दहा.